खडकावरची वस्ती

अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी एक प्राचीन शिवालय उभे आहे. तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील आहे. शिलाहार राजांच्या काळात बांधलेल्या या मंदिराच्या भिंतींवर शिल्पकारांनी देवदेवता, हत्ती आणि नाना प्रकारच्या मानवाकृती कोरल्या. हे सारे शिल्प ज्या दगडात साकारले, तो सह्याद्रीचा काळा पाषाण होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून उसळलेला लाव्हा थिजून हा पाषाण तयार झाला. बदलापुराजवळचे डोंगर त्याचेच, उल्हास नदीच्या पात्रातील गोटे त्याचेच आणि मुंबईच्या मलबार टेकडीखाली व वरळीच्या टोकाशी समुद्राच्या लाटा ज्यांवर आदळतात, ते काळे खडकही त्याच पाषाणकुळातले आहेत.

दगडाप्रमाणे पाण्याचेही नाते आहे. लोणावळ्याच्या परिसरात सह्याद्रीच्या कुशीत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर अशी वाहत कल्याणकडे येते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीचे १९४९ मध्ये जे नगर झाले, त्याला उल्हासनगर हे नाव या नदीवरूनच मिळाले. अंबरनाथ आणि उल्हासनगर या गावांतून आलेली वालधुनी कल्याणजवळ उल्हासला मिळते. पुढे ठाण्याजवळ या प्रवाहाला दोन वाटा फुटतात. मोठी वाट घोडबंदरावरून वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. लहान वाट ठाण्याच्या खाडीतून मुंबई बंदराकडे जाते. अशा रीतीने या तीन गावांवर पडलेला पाऊस अखेर समुद्रालाच जाऊन मिळतो. तेथे काळ्या खडकांवर एक वस्ती नांदत असते. शंख आणि शिंपल्यांमध्ये राहणाऱ्या प्राण्यांची ही वस्ती आहे. मऊ अंगाच्या या प्राण्यांना शास्त्रात मृदुकाय प्राणी असे म्हणतात.

अंबरनाथच्या मंदिरातील कोणती मूर्ती कोठे असावी, हे स्थपतीने ठरविले. समुद्रकाठच्या खडकावर कोणत्या प्राण्याने कोठे राहावे, हे बव्हंशी लाटा ठरवितात. त्या हे कसे ठरवितात, हे समजून घेण्याजोगे आहे.

ओहोटीच्या वेळी वरळीच्या किंवा कुलाब्याच्या खडकाळ किनाऱ्याकडे पाहिले, तर प्रथम दृष्टीस पडतात ते आडवे पट्टे. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्र दिवसातून साधारणपणे दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, भरतीची आणि ओहोटीची पातळी यांत साडेतीन मीटरांहून अधिक अंतर पडते. खडकाचा जो भाग भरतीलाही क्वचितच बुडतो, ज्यावर केवळ तुषार उडतात, तेथे मुगाच्या किंवा वाटाण्याच्या दाण्याएवढ्या लिटोरिना जातीच्या गोगलगाई भेगाभेगांतून चिकटून बसलेल्या असतात. त्यांच्या खाली नेरिटा नावाच्या जाड, गोलसर शंखाच्या गोगलगाई आढळतात. त्याहून खाली कालवांचा खरखरीत थर सुरू होतो. अगदी खालच्या, बहुतेक वेळ पाण्याखाली असलेल्या भागात शेवाळी आणि तिच्यात वावरणारे नाना आकारांचे शंख दिसतात.

हे पट्टे मुख्यतः भरती-ओहोटीने पडतात. वरच्या भागात राहणाऱ्या प्राण्याला ऊन आणि कोरड सोसावी लागते. खालच्या भागात राहणाऱ्याला शत्रू आणि शेजारी यांच्याशी झगडावे लागते. परंतु एकाच उंचीवरचे दोन खडक घेतले आणि त्यांपैकी एक मोकळ्या समुद्राकडे तोंड करून असला व दुसरा एखाद्या वळणाच्या आड असला, तर त्यांच्यावरील वस्ती सारखी नसते. भरतीचे पाणी दोघांनाही सारखेच भिजविते. ऊनही सारखेच लागते. फरक असतो तो लाटांच्या माऱ्याचा.

लाटांचा मारा कोठे अधिक आणि कोठे उणा, हे तीन-चार गोष्टींवर अवलंबून असते. लाट ही मुख्यतः वाऱ्याने उत्पन्न होते. वारा जितका जोरकस, जितका वेळ आणि जितक्या लांब पसरलेल्या पाण्यावरून वाहील, तितकी लाट मोठी होते. मुंबईच्या नैर्ऋत्येस आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर मोकळे पाणी पसरलेले आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्य वारे त्यावरून वाहत येतात, तेव्हा अरबी समुद्रात तीन मीटरांहूनही उंच लाटा उठतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या खडकांना हा मारा समोरून बसतो. याच मुंबईच्या पूर्वेकडील शिवडीचा किनारा मात्र बंदराच्या आडोशाला आहे. तेथे समोरच्या भूमीपर्यंतचे पाणी इतके अरुंद आहे, की मोठी लाट तयार होण्यास जागाच मिळत नाही. शिवाय किनाऱ्यापुढील समुद्र उथळ असला, मध्ये एखादे बेट किंवा खडकांची रांग आडवी आली, तर लाट तेथेच फुटते आणि किनाऱ्यावर थकून पोहोचते.

हा भेद पाहण्यास दूरदूरचे किनारे हिंडण्याचीही आवश्यकता नसते. मालवणच्या समुद्रातील कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सतराव्या शतकात सिंधुदुर्ग किल्ला बांधविला. त्या बेटाची पश्चिम बाजू मोकळ्या समुद्राला सामोरी आहे, तर मालवणकडील बाजू बेटाच्याच आडोशाला आहे. किल्ल्याचे प्रवेशद्वारही याच निवाऱ्याच्या बाजूला ठेवलेले आहे. जेथे होडी सुखरूप लागू शकते आणि जेथे ती खडकावर आपटून फुटते, अशी दोन्ही स्थळे थोडक्या अंतरात एकाच बेटावर असू शकतात. माणसाने बंदरासाठी जी बाजू निवडली, तिच्यामागे जो हिशेब होता, तोच हिशेब शंख-शिंपल्यांच्या बाबतीत निसर्ग करीत असतो.

लाटेचा जोर किती असतो, याची कल्पना एका साध्या गणिताने येऊ शकते. समुद्राचे पाणी हवेपेक्षा आठशेपटीहून अधिक घन असते. म्हणून पाण्याचा वेग वाऱ्याइतकाच असला, तरी त्याचा धक्का आठशेपटीहून अधिक बसतो. फुटलेल्या लाटेचे पाणी खडकावरून सेकंदाला ५ मीटर, म्हणजे सायकलस्वाराच्या साधारण वेगाने, धावत गेले असे समजू. तेवढाच धक्का वाऱ्याने द्यावयाचा, तर त्या वाऱ्याला ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने वाहावे लागेल. नेहमीच्या वादळांना एवढा वेग नसतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे. असा तडाखा एकदा नव्हे, दर मिनिटाला कित्येकदा, रात्रंदिवस बसत असतो. ज्या प्राण्याच्या अंगात हाड नाही, त्याने तेथे टिकावे कसे?

टिकण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. खडकावर उपड्या ठेवलेल्या लहानशा टोपीसारखा दिसणारा लिंपेट नावाचा प्राणी आहे. त्याचे कवच ठेंगणे आणि उतरत्या बाजूंचे असते. त्यामुळे पाणी त्याला अडून न राहता त्यावरून निसटून जाते. कवचाखाली रुंद, मांसल पाय असतो. त्या पायातून झरणाऱ्या चिकट द्रवाच्या साहाय्याने तो खडकाला असा घट्ट बिलगतो, की एकदा सावध झाल्यावर त्याला बोटांनी उपटणे जवळजवळ अशक्य होते. लिंपेटांच्या काही जाती तर चरून झाल्यावर आपल्या नेमक्या जागी परत येतात. तेथे कवचाची कड खडकाच्या खाचखळग्यांशी तंतोतंत जुळलेली असते.

रत्नागिरीकडे ज्यांना शिनाणे म्हणतात, ते हिरवट कवचाचे शिंपले दुसऱ्या मार्गाने जातात. आपल्या पायाच्या साहाय्याने ते एक प्रकारचे चिवट तंतू निर्माण करतात आणि जहाज दोरखंडांनी धक्क्याला बांधावे, तसे स्वतःला खडकाशी बांधून घेतात. एक तंतू तुटला, तर दुसरा तयार होतो. शिवाय ते दाटीवाटीने राहतात. त्यामुळे लाटेचा जोर एकावर न पडता सर्वांत वाटला जातो. कालवाने तर भटकण्याची आशाच सोडलेली असते. बाल्यावस्थेत ते पाण्यात तरंगत असते. परंतु एकदा योग्य खडक सापडला, की आपले एक शिंपले चुन्याने गिलावा करावा तसे खडकाला कायमचे चिकटवून टाकते. उरलेले सारे आयुष्य ते त्याच जागी काढते.

लहान गोगलगाईंना यांपैकी काहीच साधत नाही. त्या आपल्या लहानपणाचाच लाभ घेतात. ज्या भेगेत बोटाचे टोकही शिरत नाही, त्या भेगेत त्यांचा सारा कुटुंबकबिला सामावतो. वरून लाट गर्जत जाते आणि भेगेतील पाणी जेमतेम हलते. यामुळेच माऱ्याच्या खडकांवर मोठे, उंच, काटेरी किंवा नाजूक शंख सहसा आढळत नाहीत. जे आढळतात, ते ठेंगणे, पक्के धरून बसणारे किंवा भेगेत मावतील असे असतात.

यावरून लाट ही केवळ संहार करणारी आहे, असा समज कोणी करून घेईल. तो चुकीचा ठरेल. शिनाणे आणि कालवे यांना अन्नासाठी हिंडता येत नाही. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि कण गाळून घेऊन त्यांवर ती जगतात. एखादे मोठे कालव तासाभरात काही लिटर पाणी आपल्या शरीरातून गाळून काढते. पाणी स्थिर राहिले, तर त्याच्या भोवतीचे अन्न लवकरच संपून जाईल. लाट दर वेळी नवे पाणी, नवे अन्न आणि विपुल प्राणवायू घेऊन येते. आपल्या दाराशी आयते अन्न वाढणारी ही लाटच होय. ती टाकाऊ द्रव्ये आणि गाळही वाहून नेते. शिवाय तिचे तुषार खडकावर उंचपर्यंत उडतात. त्यामुळे निवाऱ्याच्या जागी जो भाग कोरडा पडून ओसाड राहिला असता, तेथेही माऱ्याच्या किनाऱ्यावर प्राणी राहू शकतात. मोकळ्या समुद्राकडील खडकावर वस्तीचे पट्टे वर सरकलेले दिसतात, त्याचे कारण हेच.

लाट आणखी एक उपकार करते. खेकडे आणि शिकारी गोगलगाई यांना खवळलेल्या पाण्यात फिरणे कठीण जाते. कवच फोडण्यासाठी किंवा त्याला भोक पाडण्यासाठी त्यांना निवांतपणा लागतो आणि लाट तो मिळू देत नाही. म्हणून माऱ्याच्या जागी घट्ट बसणाऱ्या शिंपल्यांना शत्रूंचे भय तुलनेने कमी असते. अर्थात हा लाभ एकतर्फी नाही. खवळलेल्या पाण्यात चरण्यासाठी बाहेर पडणे गोगलगाईंनाही धोक्याचे असते. मग त्यांनाही उपाशी बसून राहावे लागते.

आता निवाऱ्याच्या किनाऱ्याकडे वळले पाहिजे. तेथे पाणी शांत असते. दगड उलथून पडत नाहीत, म्हणून त्यांच्या खालच्या ओलसर अंधारात कितीतरी जातींचे प्राणी सुखाने राहतात. उंच मनोऱ्यासारखे शंख, पातळ शिंपल्यांचे प्राणी आणि कवच नसलेल्या गोगलगाई यांना अशा जागा मानवतात. परंतु येथील संकटे वेगळी आहेत. शांत पाण्यात खेकड्यांचे राज्य असते. शिवाय नदीने आणलेला गाळ लाट नसल्यामुळे खाली बसतो. खडकावर त्याचा थर साचला, की गाळणी लावून जगणाऱ्या प्राण्यांचे श्वसनमार्ग बुजू लागतात, खडकावरील शेवाळ खरवडून खाणाऱ्यांना अन्न सापडत नाही आणि नव्या पिल्लांना चिकटण्यासाठी स्वच्छ दगड उरत नाही. म्हणजे माऱ्याच्या किनाऱ्यावर प्राणी तग धरण्यासाठी झगडतो, तर निवाऱ्याच्या किनाऱ्यावर तो गुदमरू नये म्हणून झगडतो.

या दोन प्रकारच्या जीवनाचा ठसा प्राण्याच्या कवचावरही उमटतो. युरोपच्या किनाऱ्यावरील एका शिकारी गोगलगाईचा अभ्यास करताना असे आढळले, की माऱ्याच्या जागी तिचा शंख आखूड आणि रुंद तोंडाचा असतो. रुंद तोंडातून मोठा पाय बाहेर येतो आणि मोठ्या पायाने खडक घट्ट धरता येतो. निवाऱ्याच्या जागी तीच गोगलगाय जाड, उंच आणि अरुंद तोंडाच्या शंखात राहते. कारण तेथे लाटेपेक्षा खेकड्याच्या नांगीचे भय अधिक.

स्वीडनमध्ये याचा एक विलक्षण पडताळा आला. तेथील पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रात लहान लहान खडक डोके वर काढून उभे आहेत. १९८८ मध्ये विषारी सूक्ष्म शेवाळाची समुद्रात बेसुमार वाढ झाली आणि अशा काही खडकांवरील गोगलगाई नष्ट झाल्या. कर्स्टिन योहानेसॉन या शास्त्रज्ञ स्त्रीने १९९२ मध्ये अशा एका ओसाड खडकावर त्याच जातीच्या, परंतु खेकड्यांच्या शांत किनाऱ्यावर वाढलेल्या जाड शंखाच्या गोगलगाई नेऊन सोडल्या. तेथे खेकडे नव्हते. होत्या त्या लाटा. पुढील सुमारे तीस वर्षे त्यांच्या वंशजांचे निरीक्षण करण्यात आले. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, तसतसे शंख लहान आणि पातळ होत गेले, त्यांची तोंडे रुंदावली आणि अखेर पूर्वी त्या खडकावर राहून नष्ट झालेल्या गोगलगाईंसारखेच त्यांचे रूप झाले. या निरीक्षणाचा वृत्तान्त २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. लाटा वस्तीतील रहिवासी निवडतात, एवढेच नव्हे, तर पिढ्यांच्या ओघात त्या रहिवाशांना घडवितात, हे यावरून दिसून येते.

किनाऱ्यावर लाटांचा मारा किती आहे, हे मोजण्याचा एक चतुर मार्गही यातूनच निघाला. यंत्राने लाटा मोजल्या, तर त्या दिवसाचा किंवा त्या महिन्याचा हिशेब हाती येतो. खडकावरील वस्ती मात्र अनेक वर्षांच्या लाटांचा एकत्रित परिणाम असते. बॅलंटाइन या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये वेल्समधील पेंब्रोकशायरच्या किनाऱ्याचा अभ्यास करून, खडकावर कोणते प्राणी आणि कोणत्या वनस्पती किती आहेत, एवढ्यावरून माऱ्याच्या आठ पायऱ्या ठरविल्या. पहिली पायरी अतिशय माऱ्याच्या किनाऱ्याची आणि आठवी अतिशय निवाऱ्याच्या किनाऱ्याची. जाणत्याने शेताकडे नुसते पाहून तेथील जमिनीचा कस सांगावा, तसाच हा प्रकार आहे. अर्थात प्रत्येक देशाचे प्राणी निराळे असल्यामुळे वेल्समधील पायऱ्या कोकणात जशाच्या तशा लागू पडत नाहीत. त्यासाठी आधी येथील प्राण्यांची नीट ओळख असावी लागते. मुंबईच्या किनाऱ्यावरील शंख-शिंपल्यांची अशी तपशीलवार नोंद सुब्रह्मण्यम्, करंदीकर व मूर्ती या अभ्यासकांनी १९४९ ते १९५२ या काळात प्रसिद्ध करून ठेवलेली आहे.

कोकणच्या किनाऱ्याची आणखी एक विशेषता आहे. येथे लाटांचा मारा वर्षभर एकसारखा नसतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या पूर्वार्धात समुद्र बराचसा शांत असतो. जूनपासून त्याचे रूप पालटते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात, तोवर त्याचा कोप पुरता ओसरलेला नसतो. जो खडक डिसेंबरात निवांत भासतो, तोच जुलैत तडाख्याखाली असतो. सैल धरलेले प्राणी खरवडून निघतात, दगड उलथतात, जागा मोकळ्या होतात. पावसाळा संपला, की पाण्यात तरंगणारी नवी पिल्ले या मोकळ्या जागांवर येऊन वस्ती करू लागतात.

याच दिवसांत खाड्यांमध्ये वेगळे नाट्य चाललेले असते आणि त्याचा आरंभ समुद्रापासून दूर, बदलापूर-अंबरनाथकडे होतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला असा पूर आला, की बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली. प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. असे पूर ओसरतात, तेव्हा गावातील माणसे सुटकेचा श्वास सोडतात. परंतु ते पाणी नाहीसे होत नाही. डोंगरांवरची माती, रस्त्यांवरची घाण आणि नाल्यांतील सांडपाणी यांसह ते खाडीत शिरते. खाऱ्या पाण्याला सरावलेल्या कालवाभोवती अकस्मात गोडे, गढूळ पाणी पसरते. कालव आपली दोन्ही शिंपले घट्ट मिटून घेते आणि वाट पाहू लागते. काही दिवस ते असे काढू शकते. परंतु गोडे पाणी फार दिवस टिकले, तर त्याला मरणाखेरीज गती नसते.

मोकळ्या समुद्राच्या खडकावरून लाट सारे धुऊन नेते. खाडीत तसे घडत नाही; तेथे आलेला गाळ राहतो आणि गाळाबरोबर आलेली विषारी द्रव्येही राहतात. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठी गेल्या शतकात कारखाने उभे राहिले, वस्ती झपाट्याने वाढली आणि न शुद्ध केलेले सांडपाणी नद्यांत जाऊ लागले. या नद्यांच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यापर्यंत गेला. कालव जेव्हा तासाला कित्येक लिटर पाणी गाळते, तेव्हा त्या पाण्यातील जड धातूंसारखी द्रव्येही त्याच्या शरीरात साठत जातात. ओहोटीच्या वेळी खडकांवरून कालवे काढून त्यांवर संसाराला हातभार लावणाऱ्या कोळी स्त्रिया कोकणच्या किनाऱ्यावर आजही दिसतात. नदीत सोडलेली घाण अशा रीतीने शिंपल्यातून माणसाच्या ताटात परत येऊ शकते.

मनुष्य लाटांचा मारा बदलतो, हेही विसरून चालणार नाही. मुंबईची बेटे जोडण्यासाठी अठराव्या शतकात वरळीजवळ बांध घालण्यात आला आणि जेथे समुद्र आत शिरत असे, तेथे भूमी झाली. पुढे भर घालून किनारे समुद्रात सरकविण्यात आले. मरीन ड्राइव्हच्या कठड्याबाहेर चार पायांचे सिमेंटचे टेट्रापॉड रचण्यात आले. असे प्रत्येक बांधकाम कोठे तरी नवा आडोसा निर्माण करते आणि कोठे तरी लाटेला नव्या दिशेने वळविते. जुन्या खडकावरील वस्ती उठते. नव्या भिंतीवर दुसरी येऊन बसते. परंतु सपाट सिमेंटच्या भिंतीला काळ्या पाषाणासारख्या भेगा आणि डबकी नसतात. म्हणून नव्या वस्तीत सहसा पूर्वीची विविधता येत नाही.

बदलापूरहून मुंबईपर्यंतचा लोहमार्ग सुमारे अडुसष्ट किलोमीटरांचा आहे. त्या गाडीने येऊन एखाद्या विद्यार्थ्याने ओहोटीच्या वेळी, वडीलधाऱ्यांच्या सोबतीने, किनाऱ्याचे खडक पाहावेत. प्रथम समुद्राकडे तोंड असलेला खडक पाहावा, मग आडोशाचा पाहावा. कोठे कोणता शंख आहे, तो केवढा आहे, त्याचे तोंड रुंद आहे की अरुंद, याची वहीत नोंद करावी. दगड उलटून पाहिला, तर तो पुन्हा होता तसा ठेवावा. कारण तो कोणाचे तरी छप्पर असतो. चिकटून बसलेल्या प्राण्याला उपटू नये. लाटा जवळ येऊ लागल्या, की वेळीच परतावे.

परतताना गाडी खाडीवरून जाते. भरती असेल, तर पाणी भरलेले आणि निश्चल दिसते. त्या पाण्यात अंबरनाथच्या मंदिराजवळून वाहत आलेल्या वालधुनीचाही काही अंश असतो. मोकळ्या खडकावरील शिंपल्यांची काळजी लाटा वाहतात. जेथे लाटा पोहोचत नाहीत, तेथील कालवांच्या वाट्याला मात्र नदीकाठच्या गावांनी पाण्यात जे सोडले असेल, तेच येते.